रिपोर्ट म्हणतो ‘काही नाही’, मग नाक सडतं कशानं? नाकाच्या लिम्फोमाचं निदान गाठण्याची वाट

“काऊन रे बापू, दोन डाव तुकडा काढला, दोन्ही डाव काही नाही म्हनते. मंग हे नाक सडते काऊन?”

मामी लॅबच्या बाकावर बसून मला विचारत होती. तुकडा म्हणजे तपासणीसाठी काढलेलं मांस, बायोप्सी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षांपासून टेक्निशियन आहे. रोज बाटल्या हाताळतो, रिपोर्ट देतो. तरी त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांची उजवी नाकपुडी पोळ्यापासून बंद होती. दिवाळीत घोळणा फुटू लागला, संक्रांतीला टाळूला भोक पडलं. निदान झालं तेव्हा होळी आली होती. ते सहा महिने कुठं गेले हे मी नंतर एकेक कागद जुळवून पाहिलं. त्यातलं जे दुसऱ्या घराला उपयोगी पडेल ते इथे क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही, उपचार डॉक्टरच ठरवतील. पण कुठल्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारायचा हे घरच्यांना माहीत असलं, तर महिने वाचतात.

आधी आजार समजून घ्या

आजाराचं नाव एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा, म्हणजे एनके किंवा टी नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. लिम्फोमा म्हटलं की मानेत, काखेत गाठी डोळ्यांसमोर येतात. हा मात्र गाठी सोडून नाकाच्या पोकळीत, सायनसमध्ये, टाळूवर, घशाच्या मागे बसतो. नाक आणि चेहरा झपाट्यानं खाणाऱ्या अशा आजाराचं वर्णन एडिनबराचे डॉक्टर पीटर मॅकब्राइड यांनी १८९७ सालीच केलं होतं. तो कॅन्सर आहे हे मात्र कित्येक वर्षं कळलं नाही. ‘लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा’ अशा नावाखाली तो चालत राहिला. एपस्टाइन-बार विषाणूशी त्याचं नातं १९९० मध्ये जपानच्या डॉक्टरांनी दाखवलं. चीन, कोरिया, जपान आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत तो जास्त आढळतो, आपल्याकडे क्वचित. तालुक्याच्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत असा एकही पेशंट न दिसणं शक्य आहे, म्हणून पहिल्याच भेटीत ओळखला नाही याचा राग धरू नका.

हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप असतो. कॅन्सर मात्र एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नाकाला वास येतो म्हणून मामांचं ताट-तांब्या वेगळं केलं होतं, नातवंडांना जवळ जाऊ देत नव्हते. त्याची काही गरज नव्हती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मामीच्या प्रश्नाचं उत्तर. या कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. रक्तपुरवठा तुटतो आणि पुढचं मांस मरतं. मेलेल्या मांसावर जंतू बसतात, पू होतो, खपल्या धरतात. म्हणजे दुर्बिणीतून समोर दिसतं ते बहुतेक मढं, आणि कॅन्सरच्या पेशी असतात त्याच्या मागे, जिवंत काठावर आणि खोल. त्यातही त्या सूजेच्या साध्या पेशींत मिसळलेल्या असतात. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी पाहायची तर सडून गळलेलं बोंड उचलून भागत नाही, झाडावरची हिरवी बोंडं फोडून पाहावी लागतात. तुकड्याचंही तसंच आहे. मामांचे पहिले दोन्ही तुकडे सडलेल्या बोंडाचे होते.

पहिली पायरी: एकाच बाजूचं नाक

सर्दी दोन्ही नाकपुड्यांत होते, ॲलर्जीही. मोठ्या माणसाची एकच नाकपुडी दोन-तीन आठवडे बंद राहिली, त्यातून रक्तमिश्रित किंवा घाण वासाचा स्राव आला, गाल किंवा डोळ्याखाली सूज आली, गोळ्यांचा एक कोर्स होऊन फरक पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं नाक तपासून घ्यायचंच. बॅटरीच्या उजेडात नाकाचं फक्त दार दिसतं. याची बरीच कारणं साधी निघतात, पण ती साधी आहेत हे पाहूनच ठरवावं लागतं.

एक साधी वही ठेवा. नाक कधी बंद झालं, रक्त कोणत्या तारखांना आलं, ताप कधी आणि किती, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम येतो का, वजन किती उतरलं. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा, मग ते रेशन दुकानाचं का असेना. चेहऱ्याचा आणि टाळूचा फोटो दर चार दिवसांनी, दिवसाच्या उजेडात, एकाच जागी बसवून काढा. मामांच्या टाळूवरचा डाग तेरा दिवसांत ज्वारीच्या दाण्याएवढा होता तो रुपयाएवढा झाला, हे फोटोवरूनच पुढच्या डॉक्टरला पटलं. तोंडी सांगितलेलं ‘वाढलं जी’ कुणाच्या कागदावर येत नाही.

दुसरी पायरी: आपल्या भागातले चकवे ओळखा

हा भाग जरा लांबवतो, कारण वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो.

खर्रा. तो खाणाऱ्या माणसाच्या टाळूला जखम दिसली की सगळ्यांचं बोट खर्ऱ्याकडे जातं. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की ते साहजिकच आहे. पण टाळूच्या मधोमध भोक पडतंय आणि त्याआधी काही आठवडे नाक बंद होतं, तर आजार बहुधा वरून, नाकातून खाली आलेला असतो. तोंडातून वरवरचा तुकडा घेऊन थांबू नका, नाकाच्या बाजूनेही पाहायला सांगा. खर्ऱ्यानं तोंड उघडत नसेल तर ते आधीच सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरला वेगळी तयारी करावी लागते.

काळी बुरशी. २०२१ च्या कोविड लाटेनंतर नाकात काळी खपली आणि रक्तात साखर दिसली की म्युकर आठवतो. म्युकर दिवसांत पसरतो आणि त्याची शंका आली तर थांबायचं नसतं, डॉक्टर लगेच औषध सुरू करतील ते बरोबरच आहे. पण तुकड्यात बुरशीचे धागे दिसले का, हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर घ्या. धागे नाहीत आणि औषधानं फरकही नाही, तर पुन्हा तुकडा हवा. मेलेल्या मांसावर बुरशी नंतरही वाढू शकते, म्हणून बुरशी सापडली तरी चित्र जुळत नसेल तर शंका जागी ठेवा.

कुष्ठरोग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात तो आजही आहे. त्यात नाकाचा पडदा झिजतो, नाक बसतं, टाळूलाही भोक पडू शकतं. अंगावर बधिर चट्टे, जाड झालेल्या नसा आहेत का हे पाहतात, त्वचेचा स्मिअर करतात. ही तपासणी सोपी आहे, करून घ्यावी.

टीबी. नाकाचा टीबी होतो, पण कमी. ‘टीबी असेल’ म्हणून पुराव्याशिवाय एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली तर निदान महिनोन् महिने पुढं जातं. तुकड्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी झाली का, रिपोर्टमध्ये टीबीसारखे ग्रॅन्युलोमा (सूजेच्या पेशींचे पुंजके) लिहिलेत का, हे विचारा. आणि औषध सुरू होतानाच पुढच्या दुर्बीण तपासणीची तारीख लिहून घ्या.

किडे. उघड्यावर झोपणाऱ्या, नाकात जखम असलेल्या माणसाच्या नाकात माशी अंडी घालते. किडे काढले की घरच्यांना वाटतं, झालं, हेच होतं. किडे काढल्यावर नाक स्वच्छ धुऊन, माशी बसावी अशी जखम मुळात कशानं झाली हे पाहायचं असतं. ‘पीनस (नाकाचा जुनाट, घाण वासाचा विकार) आहे’ म्हणून वर्षानुवर्षं तेल घालत बसणाऱ्यांनाही हेच सांगणं.

याशिवाय जीपीए नावाचा रक्तवाहिन्यांच्या सूजेचा आजार, सिफिलिस, नाकाचे इतर कॅन्सर हे सगळे रांगेत असतात. एएनसीए, एचआयव्ही, व्हीडीआरएल या रक्ततपासण्या त्यासाठीच सांगतात.

तिसरी पायरी: तुकडा निघेपर्यंत स्टिरॉइड नको

सूज उतरावी म्हणून डेक्साचं इंजेक्शन, बेटनेसॉलच्या गोळ्या ही स्टिरॉइडं गावात सहज मिळतात. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडनं तात्पुरत्या आटतात. पेशंटला चार दिवस बरं वाटतं, तुकड्यात मात्र काही सापडत नाही, आणि मग आजार पुन्हा उसळतो. मामांना डिसेंबरात असं दोनदा झालं होतं. तुकडा घेण्याआधी कोणतं इंजेक्शन, कोणत्या तारखेला घेतलं ते डॉक्टरांना सांगा, लाज वाटून लपवू नका. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी कायमचं स्टिरॉइड चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही, ते डॉक्टरांना विचारूनच.

चौथी पायरी: आधी स्कॅन, मग तुकडा

सीटी स्कॅनमध्ये हाड कुठं झिजलंय दिसतं, एमआरआयमध्ये मऊ भागातला पसारा. तुकडा घेतल्यावर सूज येते आणि चित्र गढूळ होतं, म्हणून क्रम हाच ठेवावा. शिवाय तुकडा नेमका कुठून घ्यायचा याचा नकाशा मिळतो. स्कॅनचा नुसता कागद घेऊ नका, सीडी मागून घ्या. पुढच्या दवाखान्यात कागदापेक्षा सीडीच पाहतात.

पाचवी पायरी: तुकडा

सगळं इथे ठरतं. डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा: खपली काढून, नाक धुऊन, जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरून तुकडे घेणार ना? खोल घेणार ना? एकच नाही, वेगवेगळ्या जागांवरून पाच-सहा घेणार ना? ओपीडीत खुर्चीवर बसवून घेतलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा बहुतेक वेळा अपुरा पडतो. भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये, दुर्बिणीखाली घेतलेला चांगला. त्याआधी प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, बीपी पाहतात. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. घरात सिकलसेल असेल तर कार्ड सोबत न्या आणि भूल देण्याआधी दाखवा.

मग बाटली. माझ्या कामाची गोष्ट आहे म्हणून बारीक सांगतो. मामांचा दुसरा तुकडा माझ्या हातात आला तेव्हा तो गॉजच्या घडीला चिकटून वाळला होता. वर थोडं सलाईन ओतलेलं. आदल्या दुपारी काढलेला, रात्रभर टेबलावर, सकाळी एसटीनं आलेला. मी झाकण उघडलं तेव्हाच वास आला. मांस बाहेर काढल्यावर फिक्सरमध्ये (ते टिकवणाऱ्या द्रावणात) पडलं नाही तर ते सडू लागतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली आधीचं सडणं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे कोण सांगणार?

म्हणून दोन बाटल्या. एकीत १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या किमान दहापट. तुकडा काढल्या काढल्या तिच्यात पडला पाहिजे. ही बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, साध्या तापमानाला चालते, फक्त उन्हात नको. दुसरीत निर्जंतुक सलाईन, तिच्यात बुरशी आणि टीबीच्या तपासणीचा तुकडा. ही बाटली मात्र त्याच दिवशी लॅबला पोचली पाहिजे. दोन्हींवर नाव, वय, कोणती बाजू, तारीख आणि वेळ. नाव झाकणावर लिहू नका, झाकण बदलतं, बाटलीच्या अंगावर लिहा. फॉर्मेलिनची बाटलीही आठ-आठ दिवस पडून राहू देऊ नका, पुढच्या खास तपासण्या त्यानं बिघडतात. दोन-तीन दिवसांत लॅबला द्या.

आणि सोबतचा फॉर्म. ‘नाकातील तुकडा’ एवढंच लिहून आलेले फॉर्म मी शेकड्यानं पाहिलेत. पॅथॉलॉजिस्टला पेशंट दिसत नाही, त्यांना दिसतो तो फॉर्म. त्यावर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्याच: किती महिने, कोणती बाजू, टाळूला भोक, ताप, वजन, आधी किती वेळा तुकडा काढला, स्टिरॉइड दिलं का, आणि ‘एनके/टी-सेल लिम्फोमाची शंका’. हे शेवटचे चार शब्द नसतील तर त्या दिशेच्या तपासण्या लावायचं कुणाला सुचेलच असं नाही.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचणं

‘नेक्रोसिस’ (मेलेलं मांस), ‘अक्यूट अँड क्रॉनिक इन्फ्लमेशन’ (नवी आणि जुनी सूज), ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी इन द मटेरियल सबमिटेड’. या शेवटच्या ओळीतले ‘मटेरियल सबमिटेड’ हे शब्द नीट वाचा. दिलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, एवढंच ती ओळ म्हणते. पेशंटला कॅन्सर नाही असं ती म्हणत नाही. आम्ही दोनदा ती ओळ वाचून पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. नाक सडतच असेल तर तुकडा पुन्हा काढावा लागतो. तीनदाही लागतो, आणि त्यात डॉक्टरांचा किंवा तुमचा कमीपणा काही नाही.

शंका असेल तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री मागा, लॅबमध्ये तिला आयएचसी म्हणतात. तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात, त्यातून पातळ काप काढून त्यावर पेशींच्या खुणा ओळखणारे वेगवेगळे रंग लावतात. या आजारासाठी सीडी३, सीडी२०, सीडी५६, ग्रॅन्झाइम बी, टीआयए-१ आणि केआय-६७ पाहतात. साधारणपणे सीडी२० नाही येत, म्हणजे त्याचा रंग उमटत नाही, सीडी३ पेशीच्या आत येतो, सीडी५६ बहुतेकदा येतो, आणि ग्रॅन्झाइम बी किंवा टीआयए-१ येतो. नुसत्या सीडी५६ वर निकाल लावत नाहीत, नाकाच्या दुसऱ्या काही गाठींतही तो येतो. खरी कळीची तपासणी ईबीईआर, इन सिटू हायब्रिडायझेशनची. ती पेशीच्या आत एपस्टाइन-बार विषाणूची खूण दाखवते. एलएमपी-१ हा रंग तिच्या जागी चालत नाही, आजार असूनही तो कोरा येऊ शकतो. ईबीईआर कोरी आली तर हे निदान पुन्हा तपासून पाहावं लागतं.

प्रत्येक लॅबमध्ये ही सोय नसते. म्हणून ब्लॉक आणि स्लाइड मागून मोठ्या ठिकाणी दाखवायच्या. नागपूरला मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी मेघे ही आपल्या जवळची ठिकाणं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासून देतात, पण तिथवर जाण्याआधी नागपूर-वर्ध्यात विचारा. लॅबला साधा अर्ज द्या, पेशंटच्या आधारची प्रत जोडा, ब्लॉक नंबर लिहून पावती घ्या. सगळे ब्लॉक एकदम देऊन टाकू नका, एक मूळ लॅबमध्ये राहिला तर बरं.

ब्लॉक मेणाचा असतो आणि ते मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ असतं, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असेल बघा. ब्लॉक डब्यात घाला, डबा ओल्या फडक्यात नव्हे, सुक्या कापडात गुंडाळा आणि गाडीत न ठेवता पिशवीत स्वतःजवळ ठेवा.

सातवी पायरी: नाव कळल्यावर लगेच काय

आजार कुठवर गेलाय हे पाहायला पेट-सीटी करतात, बहुतेकदा बोनमॅरोही तपासतात. रक्तात एलडीएच, यकृताच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी, आणि मिळत असेल तर ईबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातल्या एपस्टाइन-बार विषाणूचं प्रमाण. हा आकडा उपचारात उतरतो का यावरून पुढं अंदाज येतो.

उपचाराबाबत एवढंच. आजार नाकापुरता असेल तर रेडिएशन हा कणा असतो, जोडीला किंवा आधी-नंतर ॲस्परॅजिनेज असलेली केमोथेरपी. इतर लिम्फोमांत नेहमी वापरतात तो सीएचओपी कोर्स इथे कमी पडतो, कारण या पेशी ती औषधं बाहेर फेकून देतात. म्हणून ‘केमोत ॲस्परॅजिनेज आहे का आणि रेडिएशन केव्हा’ हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. नुसतं ऑपरेशन करून गाठ काढणं हा याचा उपचार नव्हे. रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडलेल्या दातांचं काय ते आधीच करून घ्या.

खूप रक्त येणं, एकाएकी दिसायला कमी होणं, डोळा सुजून बाहेर येणं, किंवा न उतरणारा ताप आणि रक्ताच्या सगळ्या पेशी एकदम खाली: यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८ ला फोन करा. तापासोबत पेशी पडत असतील तर डॉक्टर फेरिटिन तपासतात, ती वेगळी आणि जीवघेणी गुंतागुंत असते.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, रेशन कार्ड आणि आधार लागतं. निदान होईपर्यंतच्या सगळ्या तपासण्या तिच्यात बसतीलच असं नाही, म्हणून दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. सगळे रिपोर्ट तारखेनं एका फाइलमध्ये लावा, सगळ्यात वर एका पानावर घटनाक्रम लिहा. मामांची फाइल अशी लावल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं वाचलं आणि तिसरा तुकडा कुठून घ्यायचा ते तिथल्या तिथे ठरवलं.

टाळूचं भोक

उपचारानं आजार आटोक्यात आला तरी टाळूचं भोक आपोआप बुजत नाही. पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं, माणूस चारचौघांत जेवायचं टाळतो. यासाठी टाळूची प्लेट बसवतात, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. दंत महाविद्यालयांत कृत्रिम दात बसवणाऱ्या विभागात ती करतात, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. रेडिएशननंतर आतला भाग आकसतो, म्हणून पहिली प्लेट काही महिन्यांनी सैल होते आणि दुसरी करावी लागते. मामांची दुसरी प्लेट गेल्या महिन्यात झाली. ती रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची असते, आणि ते काम मामीनं स्वतःकडे घेतलंय.